रिलेचा दिवा विझला, तरी मोटार चालूच: काय चुकतंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. गच्चीवर १००० लिटरची टाकी, खाली हौद, हौदाजवळ एक एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटार. पाणी आपोआप चढावं म्हणून तुम्ही नोडएमसीयू बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर, त्यातली चिप ईएसपी८२६६), पाच व्होल्टचा निळा रिले मोड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच) आणि टाकीच्या झाकणात बसवलेला अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणारा) असं जमवलंत. टेबलावर आठवडाभर सगळं बिनचूक चाललं. मोटार जोडल्यापासून मात्र ती बंद होताना बोर्ड कधी रीस्टार्ट होतो, कधी गोठतो. परवा तर रिलेचा दिवा विझला तरी मोटार चालूच राहिली, टाकी भरून वाहू लागली, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टिचकी मारल्यावर मोटार थांबली. आता ३० अँपियरचा रिले लावू की ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

बोर्ड बदलायची गरज नाही. तुमचा कोडही मी पाहिला, त्यात रीस्टार्ट व्हावं असं काही दिसत नाही. टिचकी मारल्यावर मोटार थांबली, यातच निम्मं उत्तर आहे. कॉन्टॅक्ट (रिलेतल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्या) चिकटला होता, आणि जोड कच्चा असल्यामुळे धक्क्याने सुटला. पुढच्या वेळी तो टिचकीने सुटेलच असं नाही.

मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं पाण्याच्या मोटारींची पॅनेलं बांधतो आणि दुरुस्त करतो. तुमच्यासारखी घरी केलेली सर्किटं महिन्याला दोन-तीन तरी माझ्याकडे येतात. त्यांत बोर्ड बिघडलेला क्वचित असतो. बहुतेक वेळा मोटारीचा करंट तोडणारा कॉन्टॅक्ट चुकीच्या जातीचा असतो आणि चुकीच्या जागी असतो. तुमच्या दोन्ही तक्रारी याच एका कारणातून आल्यात. तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: बोर्ड गोठला तर मोटार कोण थांबवणार? तिच्याकडे शेवटी येतो.

आधी रिले. त्याच्या अंगावर १० अँपियर, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. तो आकडा हीटर किंवा बल्बसारख्या साध्या भाराचा आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ती शाफ्टवर मिळणारी ताकद. घरगुती मोनोब्लॉक लाइनमधून त्यापेक्षा बरंच जास्त घेते, चालू असताना साधारण ६ ते ७ अँपियर. १० पेक्षा ७ कमी, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण सुरू होताना, रोटर अजून उभाच असताना, तीच मोटार याच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणजे अर्धा-एक सेकंद ३५-४० अँपियर. आणि नेमक्या त्याच क्षणी रिलेचा कॉन्टॅक्ट बंद होताना दोन-चार वेळा उडतो. प्रत्येक उडीला ठिणगी पडते, चांदीच्या मिश्रधातूची टिकली क्षणभर वितळते आणि वितळलेल्या अवस्थेतच दोन्ही टिकल्या पुन्हा एकमेकींवर दाबल्या जातात. वेल्डिंग यालाच म्हणतात.

तो जुना रिले फेकू नका. कटर ब्लेडने त्याचं निळं टोपण कडेकडेने कापून काढा आणि भिंगाखाली बघा. नव्या रिलेच्या टिकल्या गुळगुळीत, किंचित फुगीर असतात. तुमच्यातल्या एकीवर काळ्या कड्यात बारीक खड्डा आणि समोरच्या टिकलीवर त्याच मापाचं टोक आलेलं दिसेल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की छापलेल्या १० अँपियरवर माणूस पुन्हा विसंबत नाही.

मग ३० अँपियरचा रिले का नको? नकोच असं मी म्हणणार नाही. चांगल्या कंपनीच्या रिलेच्या डेटाशीटमध्ये साध्या भाराचा आणि मोटारीचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो. मोटारीचा आकडा एचपीमध्ये लिहिलेला असतो. २३० व्होल्टला तो एक एचपीच्या वर असेल तर रिले पेलेल. पण तुम्ही म्हणता ते ऑनलाइन मिळणारं लाल मोड्यूल हातात घेऊन बघा. रिले ३० अँपियरचा, आणि खालच्या प्लेटवरचा तांब्याचा पट्टा तीन-चार मिलिमीटर रुंद. तो पट्टा तापतो, स्क्रू टर्मिनल तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं. शिवाय मोटारीचा पूर्ण करंट बोर्डापासून दोन इंचांवरच तुटत राहतो, त्यामुळे बोर्ड रीस्टार्ट व्हायची तक्रार आहे तशीच राहते.

माझा सल्ला कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटारीसारख्या जड भारासाठी बनवलेल्या दणकट रिलेचा. कॉन्टॅक्टरवर दोन आकडे असतात: एसी-१ हा साध्या भाराचा, एसी-३ हा मोटारीचा. तुम्ही एसी-३ चा आकडा बघायचा, आणि तो किमान १२ अँपियर असू द्या. २३० व्होल्ट कॉइलचा घ्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि खरं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटार-पंपाच्या दुकानात मिळतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या दोन पोलांतून न्या. तुमचा छोटा रिले आता फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करेल. ही कॉइल ओढून धरलेल्या अवस्थेत चाळीसेक मिलिअँपियर घेते. ज्या रिलेला ४० अँपियर झेपत नव्हते, त्याला ४० मिलिअँपियर म्हणजे काहीच काम नाही. तुमच्याकडे आधीपासून हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर असेल तर नवा कॉन्टॅक्टरही नको, त्याच्या कॉइलच्या वायरीतच रिले घालता येतो. पण स्टार्टरची जोडणी मेकप्रमाणे बदलते, म्हणून आतला फोटो पाहिल्याशिवाय कुठली वायर तोडायची ते मी सांगणार नाही.

कुणीतरी सॉलिड स्टेट रिले (टिकल्यांऐवजी सेमीकंडक्टरने करंट तोडणारा) सुचवेल, म्हणून तेही सांगून टाकतो. त्यात ठिणगी नसते, हे खरं. पण तो दर अँपियरला साधारण एक वॅट उष्णता सोडतो, म्हणजे सात अँपियरला हीटसिंक हवाच. आणि बिघडतो तेव्हा तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे मोटार चालूच राहते. टाकीच्या कामात मला तो नको.

आता बोर्ड का गोठतो ते बघू. मोटारीची वाइंडिंग म्हणजे मोठी कॉइल. तिच्यातून वाहणारा करंट एकाएकी तोडायला गेलं की ती तो तुटू देत नाही, कॉन्टॅक्टच्या फटीत कमान पेटते, आणि ती कमान विझता-पेटताना रेडिओ लहरींचा भडिमार होतो. तुमच्या सेन्सरच्या वायरी, रिले मोड्यूलच्या वायरी आणि बोर्डाची यूएसबी केबल, या सगळ्या त्या लहरींसाठी अँटेना.

हे ऐकून बघायची एक जुनी युक्ती आहे. घरात मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर तो दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा, आवाज वाढवा आणि तुमच्या खोक्यापासून फूटभर अंतरावर ठेवा. मोटार बंद करा. रेडिओतून जो ‘खर्र’ असा आवाज येईल, तोच बोर्डालाही बसतोय. पुढे सांगतो त्या प्रत्येक सुधारणेनंतर तोच रेडिओ त्याच जागी ठेवून पुन्हा ऐका. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाला एवढं चांगलं मोजमाप दुसरं नाही. मी आजही पॅनेल तपासताना पिशवीत एक छोटा रेडिओ ठेवतो.

कॉन्टॅक्टर लावलात की ही मोठी कमान त्याच्या बंद पेटीत जाईल. तो बोर्डापासून तीन-चार फूट लांब, वेगळ्या खोक्यात बसवा. पण कॉन्टॅक्टरची कॉइल हीसुद्धा कॉइलच आहे, म्हणून तिच्या दोन टर्मिनलांवर, ए१ आणि ए२ वर, स्नबर (कॉइल बंद होतानाचा झटका शोषणारी जोडी) लावायचा. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ जातीचा कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहम, एक वॅटचा रेझिस्टर. कपॅसिटरवर ‘एक्स२’ आणि २७५ व्होल्ट एसी किंवा जास्त असं छापलेलं पाहूनच घ्या. दुकानदार ४०० व्होल्टचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर पुढे करतो. तो डीसीचा आकडा असतो आणि मेन्सवर कायम लावायला तो बनवलेला नसतो. एक्स२ जातीचा कपॅसिटर मेन्सवरच्या कामासाठी आणि धोका न करता निकामी होण्यासाठी बनवलेला असतो. दोन्ही भाग एकमेकांना सोल्डर करा, उघड्या तारांवर स्लीव्ह चढवा, टोकांना लग लावा आणि थेट कॉइलच्या स्क्रूखाली घट्ट करा. दोन फूट वायर काढून स्नबर भलतीकडे बसवला तर त्याचा निम्मा उपयोग जातो. आणखी एक: डीसी रिलेच्या कॉइलवर आपण उलटा डायोड लावतो, तसा या एसी कॉइलवर चुकूनही लावू नका. अर्ध्या सायकलला तो सरळ शॉर्ट होतो.

बोर्डाच्या बाजूला तीन गोष्टी करा. बोर्डाच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंड पिनांना अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. ईएसपी८२६६ वायफायवर पाठवतो तेव्हा क्षणभर तीनशे मिलिअँपियरच्या वर जातो. लांबलचक केबल आणि स्वस्त चार्जर असेल तर व्होल्टेज तिथेच बसतं. दुसरं, रिलेची कॉइल आणि बोर्ड एकाच पाच व्होल्टवर ठेवू नका. मी १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घेतो, त्यावर १२ व्होल्ट कॉइलचा रिले चालवतो, आणि बोर्डासाठी त्याच अ‍ॅडॅप्टरवरून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या मोड्यूलने) वेगळे पाच व्होल्ट काढतो. तिसरं, रिले डी१ किंवा डी२ पिनेवर घ्या. तुम्ही तो डी३ वर घेतलाय. डी३, डी४ आणि डी८ या पिनांवरून बोर्ड सुरू होताना कसं बूट व्हायचं ते ठरवतो. वीज गेली-आली की मोटार उगाच क्षणभर लागते असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते बहुधा यामुळेच.

सेन्सरबद्दल थोडक्यात. बोर्ड खाली आणि सेन्सर गच्चीवर असेल, मध्ये १५ मीटर साधी वायर आणि तीही मोटारीच्या वायरीबरोबर एकाच पाइपात, तर ते टिकणार नाही. एवढ्या लांबीवर अल्ट्रासोनिकचे इको सिग्नल नेऊ नका. एक छोटा बोर्ड गच्चीवरच ठेवून त्याने आकडा वायफायवर पाठवलेला बरा. गच्चीवर वायफाय पोहोचत नसेल तर आरएस-४८५ (लांब वायरीवरून सिग्नल नेण्याची पद्धत) वापरा, त्याला हे अंतर काहीच नाही. शिवाय उघड्या डोळ्यांचा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर टाकीच्या वाफेत फार दिवस जगत नाही. वॉटरप्रूफ जेएसएन जातीचा घ्या, पण तो २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं मोजत नाही, म्हणून टाकी भरल्यावरच्या पाण्यापासून तेवढा उंच बसवा. एचसी-एसआर०४ ठेवलाच तर त्याचा इको पाच व्होल्टचा आहे हे विसरू नका. १ आणि २ किलोओहमचा विभाजक लावल्याशिवाय तो ३.३ व्होल्टच्या पिनेला देऊ नका. दुपारी आणि पहाटे पातळी दोन-तीन सेंटिमीटरने वेगळी दिसली तर घाबरू नका. तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने जातो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. तांब्याच्या तारा पाण्यात सोडून पातळी बघायची कल्पना मात्र सोडून द्या. डीसी दिलं की धन बाजूची तार झिजत जाते, आणि तिचा हिरवा गंज पिण्याच्या पाण्यात उतरतो.

आता तिसरी गोष्ट. धंद्याच्या पहिल्या वर्षांत मी एका इमारतीला इलेक्ट्रॉनिक लेव्हल कंट्रोलर करून दिला होता. एप्रिल महिना, पाणी एक दिवसाआड. मध्यरात्री सर्किट गोठलं आणि मोटार पहाटेपर्यंत चालत राहिली. सगळा हौद गच्चीवरून गटारात गेला. सकाळी सहा वाजता एक आजी रिकामी कळशी घेऊन जिन्यात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. सर्किटमध्ये बिघाड होणारच, तो मला थांबवता येणार नाही. पण बिघाड झाला की मोटार बंदच पडली पाहिजे, अशी रचना करणं माझ्या हातात होतं, आणि ती मी केली नव्हती. त्यानंतर माझं एकही पॅनेल तिच्याशिवाय बाहेर गेलेलं नाही.

ही रचना अगदी साधी आहे. १२ व्होल्टची वायर अ‍ॅडॅप्टरवरून थेट रिलेला जाऊ द्यायची नाही. ती आधी गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोट स्विचमधून जाते: टाकी भरली की हा उघडतो. तिथून हौदातल्या फ्लोटमधून: हौद रिकामा झाला की हा उघडतो. मग रिलेच्या कॉइलमधून, आणि शेवटी बोर्डाने चालवलेल्या ट्रान्झिस्टरमधून ग्राउंडला. सगळे एका ओळीत. बोर्डाने कितीही ‘चालू’ म्हटलं तरी एक फ्लोट उघडला की कॉइलचा करंट तुटतो. मध्ये कोड नाही, वायफाय नाही. बोर्ड गोठला, सेन्सरवर कोळी बसला, काहीही झालं तरी पाणी वर आलं की फ्लोट तरंगणारच. आणि टाकीपर्यंत १२ व्होल्टच जातात. २३० व्होल्ट पाण्याच्या टाकीत उतरवणारे फ्लोट सर्रास बसवले जातात. जिथे घरातली लहान मुलं नळाखाली हात धरणार आहेत, तिथे मी ते बसवत नाही.

ट्रान्झिस्टरला बीसी५४७ पुरतो, बेसला एक किलोओहम, आणि बेस ते एमिटर १० किलोओहम, म्हणजे बोर्ड बंद असताना किंवा सुरू होत असताना रिले बंदच राहील. या कॉइलवर उलटा १एन४००७ लावा. डीसी आहे, इथे तो हवाच.

गच्चीवरचा फ्लोट तुमच्या नेहमीच्या ‘थांब’ पातळीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर वर बसवा, पण ओव्हरफ्लो पाइपाच्या खाली. म्हणजे रोज सेन्सरच मोटार थांबवेल आणि फ्लोट फक्त वेळप्रसंगी. तो अगदी त्याच पातळीला ठेवला तर पडणाऱ्या पाण्याच्या लाटांनी तो हलत राहतो आणि रिले टकटकत राहतो. फ्लोट उघडल्याचं बोर्डालाही कळू द्या: फ्लोटनंतरच्या वायरीवरून २.२ किलोओहम आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किटं न जोडता प्रकाशाने सिग्नल देणारा भाग). ते दिसलं की कोडमध्ये निदान दहा मिनिटं मोटार लावायची नाही आणि फोनवर सूचना द्यायची, कारण फ्लोटवर वेळ आली याचा अर्थ सेन्सरमध्ये बिघाड आहे.

यात आणखी एक बंधन घाला. टाकी तळापासून भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून मोजा. २५ लागत असतील तर ३५ मिनिटांनी मोटार थांबलीच पाहिजे, पातळी काहीही असो. पाइप निसटला, मोटारीत हवा धरली, अशा वेळी हौदात पाणी असतं, टाकी भरत नाही, दोन्ही फ्लोट गप्प असतात आणि मोटार कोरडी फिरत राहते. तिथे हीच वेळेची मर्यादा कामाला येते. बोअरवेलची सबमर्सिबल असती तर मी करंट मोजायला सांगितला असता, कारण खालचं पाणी फ्लोटने कळत नाही. तुमच्या हौदाला त्याची गरज नाही.

२३० व्होल्टच्या बाजूला घाई करू नका. मोटारीला सी प्रकारचा १६ अँपियरचा एमसीबी, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर, आणि मोटारीच्या बॉडीला खरोखर पोहोचणारं अर्थिंग. एमसीबी पाडल्यावरही मोटारीच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून लगेच हात घालू नका. यातलं काही आजवर केलं नसेल तर तेवढं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि १२ व्होल्टची बाजू तुम्ही करा.

सामान आणण्याआधी मात्र एक चाचणी करा, कारण मी हे सगळं तुमच्या वर्णनावरून सांगतोय. मोटार सोडवा आणि रिलेवर १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब जोडा. कोडमध्ये दर दहा सेकंदांनी चालू-बंद असं अर्धा तास चालवा. बल्बावरही बोर्ड रीस्टार्ट होत असेल तर दोष पुरवठ्यात किंवा वायरिंगमध्ये आहे आणि नुसत्या कॉन्टॅक्टरने तो जाणार नाही. बल्बावर शांत आणि मोटारीवरच रीस्टार्ट, असं असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. त्याच वेळी सिरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी खिडकी) ७४८८० बॉडवर लावून ठेवा. रीस्टार्ट झाला की पहिल्या ओळीत रीसेटच्या कारणाचा आकडा येतो: १ म्हणजे पुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला, २ म्हणजे रीसेट पिनेवर काहीतरी आलं, ४ म्हणजे प्रोग्रॅम अडकला आणि वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड रीस्टार्ट करणाऱ्या आतल्या टायमरने) उठवला. मोटारीच्या गोंधळात मला बहुतेकदा २ किंवा ४ दिसतो.

बल्बावर काय झालं, आकडा कुठला आला, आणि गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपात सेन्सरच्या वायरीबरोबर आणखी काय-काय आहे, या तीन गोष्टी कळवा. स्टार्टर असेल तर एमसीबी पाडून त्याच्या आतला फोटोही टाका, मग कॉइलची वायर कुठे तोडायची ते खूण करून देतो.